शाळेची नोंद आणि जिल्ह्याचा फलक



इ. स. १९१७ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. कोणते मूल आले व कोणते आले नाही, हे ठाऊक असल्यावाचून असा कायदा चालणे शक्य नव्हते. सक्तीच्या शिक्षणाचा पाया अशा रीतीने हजेरीपटातच होता.

आज शाळेची नोंद फार दूरवर वाचली जाते. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत किती मुले जेवली, हे शाळेने दररोज कळवावयाचे असते. ही माहिती दूरच्या संगणकांवरील सामायिक साठ्यात जमा होते. अशा साठ्यास ‘क्लाउड’ म्हणतात. त्यास जोडलेला, आकडे दाखविणारा फलक म्हणजे ‘डॅशबोर्ड’. पूर्वी शाळेचे पत्रक केंद्रात, केंद्राचे तालुक्यात व तालुक्याचे जिल्ह्यात उतरून घेतले जाई. प्रत्येक उतरणीत चुकीस वाव असे आणि हाती येईतो माहिती शिळी होई. जोडलेला फलक नक्कल मागत नाही. तो ठरावीक वेळाने मूळ साठ्यासच विचारतो. एकाच नावाच्या शाळा अनेक असतात. म्हणून शाळेची ओळख तिच्या ११ अंकी युडायस क्रमांकावरून पटते. त्यातील एक अंक चुकला, तर एका शाळेचे जेवण दुसरीच्या नावे पडते.

तथापि फलक काही पंगतीत येऊन बसत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. ४८ मुले जेवली असता पटावरील ५८ हा आकडा सवयीने भरला, तर दिवसाला एक किलो तांदूळ कागदोपत्री शिजतो. वीस दिवसांत वीस किलोंचा फरक पडतो. कोठीत तांदूळ असूनही फलक तो संपला असे सांगतो. उलट आकडा कमी भरला, तर फलकावर तांदूळ शिल्लक दिसतो आणि कोठी रिती होते. त्या दिवशी उपाशी राहते ते मूल.

शून्य आणि रिकामी जागा यांतही मोठे अंतर आहे. शून्य म्हणजे आज कोणीही जेवले नाही. रिकामी जागा म्हणजे वार्ता पोहोचली नाही. गगनबावडा वा शाहूवाडीच्या एखाद्या डोंगरी वाडीत पावसाने संपर्क तुटला, तर अन्न शिजूनही फलक कोराच दिसेल. अशा वेळी शिक्षकाने खरा आकडा वहीत लिहून ठेवावा व संपर्क जुळताच भरावा. अधिकाऱ्यानेही फलक शेवटचा केव्हा ताजा झाला ती वेळ प्रथम पाहावी आणि खुलासा मागण्यापूर्वी शाळेस एक दूरध्वनी करावा.

यंत्र आकडा त्वरेने पोहोचविते, तो खरा करीत नाही. ते काम पंगतीतील ताटे मोजणाऱ्या शिक्षकाचेच आहे. म्हणून आधी ताटे मोजावीत, मग आकडा भरावा.