मोटारीचें तेल कां गळतें?

मोटार उभी असते तेथें फरशीवर तेलाचा काळा डाग दिसला, कीं मालकाचा संशय प्रथम सीलवर जातो. परंतु पुष्कळदां सील हें खरें अपराधी नसतेंच.

इंजिनांत इंधनाचा भडका होतो तेव्हां थोडा वायु दट्ट्याच्या कड्यांमधून निसटून खालीं क्रँककेसमध्यें उतरतो. त्याला वाट हवी. पूर्वीं उघड्या नळीनें तो रस्त्यावर सोडीत. १९६१ पासून कॅलिफोर्नियांत नव्या मोटारींना व्हॉल्व्ह बसूं लागला व हा वायु इंजिनांतच पुन्हां जळूं लागला. हा व्हॉल्व्ह काजळीनें तुंबला, म्हणजे कोंडलेला वायु तेलाला सीलबाहेर ढकलतो. मग गिअरपेटी उतरवून नवें सील घातलें, तरी डाग पुन्हां हजर!

म्हणून प्रथम इंजिन पुसून, थोडें चालवून, सर्वांत वरचा ओला भाग शोधावा. कारण तेल खालीं ओघळतें व वाऱ्यानें मागें पसरतें. नंतर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचें झांकण काढावें व तोंडावर कागद धरावा. तो किंचित् आंत ओढला गेला, तर वाट बहुधा मोकळी आहे. बाहेर ढकलला गेला, तर व्हॉल्व्ह व नळी तपासावी. तीं स्वच्छ करूनहि कागद उडत राहिला, तर कड्या झिजल्या असण्याचा संभव. तेव्हां सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा.

स्वस्त व्हॉल्व्ह आधीं पाहिल्यानें महाग दुरुस्ती टळते. तापलेल्या धुराच्या नळीवर तेल ठिबकून आग लागण्याचें भयहि टळतें.