बेस गिटारीची गुणगुण आणि तिसरी तार

आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांना हंसूं आलें असेल. जन्मभर मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेल्या मास्तरानें विजेवर वाजणाऱ्या बेस गिटारीविषयीं बोलावें, हा प्रकार चमत्कारिक खरा. मी अकरावी मॅट्रिक. विज्ञानाची पदवी माझ्यापाशीं नाहीं. परंतु शाळेंतील प्रयोगाचें कपाट माझ्या ताब्यांत होतें, जुने रेडिओ उघडून पुन्हां जुळविण्याचा छंद मला लहानपणापासून आहे, आणि माझा पुतण्या बेस गिटार वाजवितो. शिवाय एका संध्याकाळीं माझ्या डोळ्यांदेखत जें घडतां घडतां राहिलें, तें सांगितल्यावांचून मला चैन पडणार नाहीं.

प्रथम ह्या वाद्याची ओळख करून घेऊं. नेहमींच्या गिटारीला सहा तारा असतात. बेस गिटारीला बहुधा चारच, पण जाड आणि लांब. गाण्याच्या तळाशीं जो खोल स्वर तालाचा हात धरून चालतो, तो हिचा. अमेरिकेंतील लिओ फेंडर ह्यांनीं 1951 सालीं आपली ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली आणि ह्या वाद्याचा खरा प्रसार तेथून सुरू झाला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन ह्यांच्या ताफ्यांत टोनी वाझ ह्यांनीं तें वाजविलें, आणि चित्रपटगीतांतून त्याचा स्वर घरोघर पोंचला. आज ठाण्याच्या गडकरी रंगायतनांत किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरांत वाद्यवृंदाचा कार्यक्रम असला, कीं एका कडेला बेस गिटार गळ्यांत अडकविलेला एखादा तरुण बहुधा दिसतो.

ह्या वाद्याचें अंग भरीव लाकडाचें असतें. त्यामुळें त्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहींच. तारांच्या खालीं एक लहानशी पट्टी बसविलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तींत लोहचुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, आणि वेढ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर त्याला मोठा करतो आणि तो आपल्या कानीं पडतो.

आतां अडचण पाहा. आपल्या घरांत येणारी वीज 230 व्होल्टची असून ती सेकंदाला 50 आवर्तनें करते. जेथें जेथें हा उलटसुलट प्रवाह वाहतो, तेथें तेथें त्याच्याभोंवतीं त्याच लयीनें डोलणारें चुंबकीय क्षेत्र असतें. आपण ह्या क्षेत्राच्या जणूं तळ्यांत राहतों. कल्याण-डोंबिवलीकडील आगगाडीच्या वरच्या तारेंत पूर्वीं 1500 व्होल्टचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह असे. मुंबईपर्यंतचें सर्व काम 2015 सालीं पुरें झाल्यापासून तेथेंही 25,000 व्होल्टचा आणि 50 आवर्तनांचाच प्रवाह आहे. बिचाऱ्या पिकअपला कोण हललें तें कळत नाहीं. तार हलली तरी तो बोलतो, आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर डोलला तरी बोलतो. हीच ती गुणगुण. साऊंडवाले तिला ‘हमिंग’ म्हणतात.

कोणी म्हणेल, हा आवाज गाळून टाकावा. इतर वाद्यांच्या बाबतींत हा उपाय थोडाबहुत चालतो. बेस गिटारीला मात्र तो लागू पडत नाहीं, आणि ह्यांतच ह्या प्रश्नाची खरी मौज आहे. हिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदाला सुमारें 41 कंपनें होतात. तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलें कीं 49 होतात. पेटीवाल्यांच्या भाषेंत हा पांढरी पांचचा अगदीं खालचा खर्ज. गुणगुण 50 ची आणि स्वर 49 चा! चोर घरधन्याचेंच नांव घेऊन घरांत शिरला म्हणावयाचा. गुणगुण गाळावयास जावें तर हा स्वरही गळून जातो. तात्पर्य, ती आंत शिरल्यावर काढतां येत नाहीं. तिला दारांतच अडवावें लागतें.

असो. आतां ती संध्याकाळ. आमच्या वसाहतीचा गणेशोत्सव होता. भाद्रपदांतला पाऊस नुकताच उघडला होता, मंडपांतील जमीन ओली होती आणि वर अंथरलेली सतरंजीही दमट झाली होती. मुलांचा वाद्यवृंद रात्रीं आठ वाजतां बसावयाचा. सात वाजतां जुळवाजुळव सुरू झाली आणि पुतण्यानें गिटार जोडतांच मंडप घूं घूं आवाजानें भरून गेला. निवेदिकेचा शब्दसुद्धां ऐकूं येईना. तेव्हां मंडपाचें काम पाहणारा वायरमन पुढें झाला. त्यानें ॲम्प्लिफायरचा प्लग काढला, पक्कड घेतली, प्लगमधील हिरवी तार कापून टाकली आणि प्लग पुन्हां बसविला. काय आश्चर्य! गुणगुण एकदम थांबली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. मीही मनांत म्हणालों, माणूस कसबी दिसतो.

दहा मिनिटांनीं पुतण्या खालीं आला आणि हळूच म्हणाला, “काका, गातांना माईकला ओठ लागले कीं झिणझिण्या येतात. गिटारीवरचा हात काढला कीं येत नाहींत.”

श्रोतेहो, हे शब्द ऐकून माझ्या पोटांत धस्स झालें. मीं तत्काळ मुख्य बटण बंद करावयास लाविलें. मंडळाचे अध्यक्ष माझ्याहून वडील. त्यांना राग आला. “मास्तर, पाहुणे येऊन बसले आहेत, आवाज गेलेला आहे, आतां खोळंबा कशाला करतां?” असें त्यांनीं सर्वांसमक्ष विचारलें. मला वाईट वाटलें. पण बटण मीं लावूं दिलें नाहीं. कां, तें सांगतों.

तीन पिनांच्या प्लगमध्यें दोन पिना विजेच्या येण्याजाण्याच्या. तिसरी, वरची जाड पीन जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. हिरवी तार तिची. ही तार एरव्हीं कांहींच काम करीत नाहीं, आणि म्हणूनच ती लोकांना निरुपयोगी वाटते. पण ॲम्प्लिफायरच्या आंत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला टेंकली, तर ती सर्व वीज ह्या हिरव्या वाटेनें जमिनींत जाते आणि फ्यूज उडतो. हिरवी तार कापली कीं ती वाट बंद झाली. मग तीच वीज केबलच्या बाहेरील जाळीवाटे गिटारीच्या तारांवर येऊन वाट पाहत बसते. वादकाचा हात तारांवर, ओठ माईकवर, आणि माईक दुसऱ्या यंत्रामार्फत जमिनीशीं जोडलेला. विजेला वाट मिळते, ती त्याच्या छातींतून. त्या दिवशीं आमच्या ॲम्प्लिफायरमधून फक्त किंचित् गळती होती, म्हणून झिणझिण्यांवर निभावलें.

ही नुसती भीति नव्हे. इंग्लंडांतील ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या ताफ्यांतील कीथ रिचर्ड्स ह्यांची गिटार 1965 सालीं अमेरिकेंत सॅक्रामेंटो येथें माईकच्या दांड्याला लागली आणि ते रंगमंचावरच बेशुद्ध पडले, सुदैवानें वांचले. लेस्ली हार्वी हा स्कॉटलंडचा तरुण गिटारवादक मात्र वांचला नाहीं. 1972 च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें, श्रोत्यांच्या समोर, जमिनीशीं नीट न जोडलेल्या माईकला हात लागून तो मृत्यु पावला. त्याचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें.

मग आम्हीं त्या रात्रीं काय केलें? आधीं हिरवी तार पुन्हां जोडली. गुणगुण परत आली. नंतर तिचें मूळ शोधावयास बसलों. ही शोधण्याची रीत सोपी आहे. घरांत कोणी मुलगा किंवा मुलगी हें वाद्य वाजवीत असेल तर त्यांना अवश्य सांगा.

पहिली परीक्षा : गिटारीवरील आवाजाची कळ शून्यावर आणावी. गुणगुण तशीच राहिली, तर दोष गिटारींत नाहीं. तो जोडणींत किंवा ॲम्प्लिफायरमध्यें आहे. दुसरी : गिटारीखेरीज ॲम्प्लिफायरला जोडलेल्या इतर केबली एकेक काढाव्या. एखादी काढतांच आवाज थांबला, तर तेथें दोन अर्थिंगांची गांठ पडली आहे असें समजावें. तिसरी : कळ उघडून वादकानें जागच्या जागीं सावकाश फिरावें. तोंड फिरेल तशी गुणगुण कमीजास्त झाली, तर पिकअप बाहेरचें क्षेत्र ओढून घेत आहे.

आमच्याकडे दुसरी परीक्षा लागली. ॲम्प्लिफायरची वीज एका इमारतींतून घेतली होती आणि मुख्य मिक्सरची दुसऱ्या इमारतींतून. दोन्हींचीं अर्थिंगें निराळीं, आणि दोन यंत्रें एका केबलीनें जोडलेलीं. आपल्या ठाण्यांत तलाव पुष्कळ, म्हणून त्यांचाच दाखला देतों. मासुंदा तलाव आणि कचराळी तलाव ह्यांच्यामध्यें नळ घातला, तर दोहोंच्या पातळींत जो काय वीतभर फरक असेल, तेवढ्यानेंही नळांतून पाणी वाहूं लागेल. दोन अर्थिंगांच्या पातळींतही असाच सूक्ष्म फरक असतो; केबलीची जाळी म्हणजे तो नळ, आणि तींतून वाहणारा प्रवाह म्हणजे गुणगुण. वायरमननें हिरवी तार कापून एक तलावच तोडला, म्हणून पाणी थांबलें. बरोबर उपाय असा कीं, दोन्ही यंत्रांना एकाच तलावाचें पाणी द्यावें. आम्हीं सर्व वाद्यांची वीज एकाच बोर्डावरून घेतली आणि तीन चतुर्थांश गुणगुण नाहींशी झाली. एक बोर्ड शक्य नसेल तेथें ‘डी. आय. बॉक्स’ नांवाची लहान पेटी मध्यें घालावी. जिच्यांत ट्रान्सफॉर्मर असतो अशी पेटी घेतल्यास स्वर पुढें जातो, पण तारेची तारेशीं गांठ पडत नाहीं. ह्या पेटीवर अर्थ सोडविण्याचें एक बटण असतें. तें स्वराच्या केबलीची जाळी सोडवितें, विजेच्या प्लगची हिरवी तार नव्हे. म्हणून तें खुशाल वापरावें. ह्या दोहोंतील फरक ज्याला कळला, त्याला ह्या भाषणाचें सार कळलें.

उरलेली गुणगुण तिसऱ्या परीक्षेंत सांपडली. पुतण्या दिव्यांचा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या पेटीला लागून उभा होता. तो दहा पावलें दूर सरला आणि थोडा वळला, तेव्हां ती आणखी कमी झाली. शेवटीं त्यानें गिटारीवरील दोन्ही पिकअपांच्या कळा सारख्या उघडल्या आणि ती जवळजवळ मावळली.

ही शेवटची युक्ति गणिताच्या मास्तराला फार आवडण्याजोगी आहे. दोन पिकअप घ्यावयाचे; एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट द्यावयाचे, आणि त्याचा लोहचुंबकही उलटा बसवावयाचा. बाहेरची गुणगुण चुंबकाला विचारीत नाहीं; ती फक्त वेढ्यांमुळें एकदां उलटते, म्हणजे एका पिकअपांत धन आणि दुसऱ्यांत ऋण. बेरीज शून्य. तारेचा स्वर मात्र चुंबकामुळें एकदां आणि वेढ्यांमुळें पुन्हां एकदां उलटतो. आणि ऋणाला ऋणानें गुणिलें म्हणजे धन, हें आपण सातवींत शिकलों आहों! म्हणून गुणगुण वजा होते आणि स्वराची बेरीज होते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्यांनीं 1955 सालीं अशा जोड पिकअपच्या पेटंटासाठीं अर्ज केला. 1959 सालीं तें मिळालें. फेंडर ह्यांनींही 1957 पासून आपल्या प्रिसिजन बेसचा पिकअप दोन भागांत विभागून हाच न्याय लाविला. गिटार विकत घेतांना एवढें विचारून घेतल्यास पुढील पुष्कळ त्रास वांचतो.

आणखी दोन लहान सूचना. विजेच्या तारा आणि स्वराच्या केबली शेजारीं शेजारीं लांबवर नेऊं नयेत; ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडाव्या. आणि मंडपाच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरला तुटणारा गळतीचा स्विच, म्हणजे आर. सी. सी. बी., असल्याशिवाय मुलांना ओल्या जमिनीवर वाद्य हातांत घेऊं देऊं नये. सजावटीच्या खर्चापुढें त्याची किंमत कांहींच नाहीं.

त्या रात्रीं कार्यक्रम पाऊण तास उशिरां सुरू झाला. कांहीं पाहुणे कंटाळून उठून गेले. अध्यक्ष दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं ते आपण होऊन आले आणि म्हणाले, “मास्तर, पुढच्या वर्षीं तो स्विच आधीं बसवूं.” तो बसविला गेला, आणि ज्या वायरमननें तार कापली होती, त्यानेंच तो बसविला. त्याला मी दोष देत नाहीं. समोर शंभर माणसें ‘आवाज बंद करा’ म्हणून ओरडत असतां, आवाज बंद करणारा मार्ग त्याला सुचला. गुणगुण कानाला लागते. हिरव्या तारेचें नसणें मात्र कानाला ऐकूं येत नाहीं. म्हणून, श्रोतेहो, कार्यक्रमांत थोडी गुणगुण राहिली तर ती ऐकून घ्या, तिचें मूळ सावकाश शोधा; पण ती घालविण्यासाठीं तिसऱ्या तारेला कोणालाही हात लावूं देऊं नका.