वडिलांची सायकल काढून घेण्याआधी

(या भागात जे बोललं गेलं, ते थोडं आवरून इथे लिहून देत आहोत.)

मी फैजपूरहून बोलतोय. हो, तेच फैजपूर, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते. पण आज इतिहास नाही सांगायचा. आज सायकल.

माझं वय एकसष्ट. सावद्याला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. गेली चौतीस वर्षं रोज फैजपूर ते सावदा सायकलनं जातो. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उत्तरेला लांबवर सातपुडा. चढ असा काही नाही, पण ट्रक आहेत. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आहे हा, रात्रंदिवस वाहता.

तुम्ही ऐकणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. "म्हातारपणी सायकल चालवा" असं सांगून तुमच्या काय कामाचं? पण तुमच्या घरात वडील, काका, आजोबा, कोणी ना कोणी अजून सायकलवर कामाला जात असेल. मला त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, सहालाच अंधार. सावद्याहून परत येत होतो. समोरून ट्रक आला, त्याचा लाइट डोळ्यांवर आला आणि मला रस्ताच दिसेनासा झाला. अंदाजानं डावीकडे घेतली. तिथे डांबर संपून साइडपट्टी चार बोटं खाली होती. चाक घसरलं, मी खडीवर. मनगटाला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर.

मुलानं सायकल मागच्या पडवीत नेऊन लावली, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात. म्हणाला, "पप्पा, आता बस्स. वय झालं तुमचं." तो रागानं नाही बोलला. घाबरला होता पोरगा. मला कळत होतं, म्हणून मीही गप्प बसलो.

मग तो मला मोटारसायकलवर सोडायला लागला. त्याच्या वेळेनं जायचं, त्याच्या वेळेनं यायचं. त्याला उशीर झाला की मी दुकानाच्या पायरीवर डबा घेऊन बसून. चौतीस वर्षं जो माणूस स्वतःच्या पायांनी घरी आला, तो आता कोणी न्यायला येईल का म्हणून रस्त्याकडे बघतोय. तीन महिन्यांत वजन चार किलो वाढलं. घराचा जिना चढताना दम लागायला लागला. आणि सगळे म्हणायचे, बघा, दम लागतो, बरं झालं सायकल सोडली! अहो, सोडली म्हणूनच तर लागत होता.

इथे दोन मिनिटं विज्ञानाची. वय वाढलं की हृदयाचा कमाल वेग कमी होतो. ढोबळ हिशेब असा, २२० वजा तुमचं वय. म्हणजे विशीत २००, माझ्या वयात १६० च्या आसपास. ते कोणाला चुकत नाही. पण पायांतली ताकद जाते, त्यातली बरीचशी न वापरल्यानं जाते. २०१८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे, वर्षानुवर्षं सायकल चालवणारे १२५ लोक तपासले. त्यांचे स्नायू वयाच्या मानानं भलतेच शाबूत निघाले. फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांनी १०२ व्या वर्षी एका तासात जवळजवळ २७ किलोमीटर सायकल मारली, आणि १०५ व्या वर्षी साडेबावीस. वेग कमी झाला, सायकल बंद नाही झाली. आपल्याकडे पुण्याच्या निरुपमा भावे, गणिताच्या प्राध्यापिका, सत्तरीत पुण्याहून कन्याकुमारीला सायकलवर गेल्या.

आता माझ्या घरची गोष्ट पुढे सांगतो.

एके दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. सूनबाई म्हणाली, "पप्पा, तुम्ही मान वाकडी करून का वाचता?" माझ्या लक्षातच नव्हतं. तिनं विचारलं, समोरचा खांबावरचा दिवा कसा दिसतो? मी म्हटलं, कसा म्हणजे, त्याच्याभोवती मोठं कडं असतं तसा. ती म्हणाली, आम्हाला नाही दिसत कडं.

दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. समोरचा लाइट का फाकत होता, रस्ता का दिसला नाही, सगळं एका क्षणात कळलं. मी पडलो ते गुडघ्यांमुळे नाही, पायांमुळे नाही. डोळ्यामुळे. आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून माझे पाय बंद केले होते!

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मुलानं स्वतःहून किल्ली हातात दिली.

पण पहिल्याच सकाळी दुसरी अडचण. माझी सायकल काळी, बावीस इंची, मध्ये दांडी. चार महिन्यांनी पाय टाकायला गेलो तर पाय कॅरिअरवरच्या डब्याला अडकला. पडता पडता वाचलो. आमचा सायकल मिस्तरी बघत होता. म्हणाला, "नाना, लेडीज सायकल घ्या."

खरं सांगतो, तीन आठवडे मी ऐकलं नाही. लाज वाटत होती. शेवटी घेतली. पहिल्या दिवशी चौकात एकानं विचारलंच, "काहून नाना, वहिनींची सायकल आणली का?" मी म्हटलं, हो, आणि वहिनींपेक्षा जास्त सांभाळून आणली. हसला, मीही हसलो. आठ दिवसांनी कोणी बघेना. पण विचार करा, वय वाढलं की माणूस बऱ्याचदा चालवताना नाही पडत, चढता-उतरताना पडतो. मध्ये दांडी नसली की पाय सरळ आत. एवढी साधी गोष्ट, आणि आपण ती लाजेपायी टाळतो.

बाकी माझे नियम असे. अंधार पडल्यावर सायकल नाही. हिवाळ्यात मालकांना सांगून अर्धा तास लवकर येतो आणि लवकर निघतो. मागे लाल लाइट, अंगात फिका शर्ट. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सकाळी लवकर जायचं, ऊन उतरल्यावरच निघायचं, दुपारी सायकलला हात नाही. सीट फार खाली ठेवायची नाही, पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, नाहीतर गुडघे धरतात. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच जागी उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. तिथे शहाणपणा करायचा नाही.

एक दिवस मलाही सायकल सोडावी लागणार, माहीत आहे. त्यासाठी माझी एक खूण आहे. मोकळ्या रस्त्यावर उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायचं. हँडल हललं नाही तर ठीक. ज्या दिवशी वळून बघताना सायकल वाकडी जाईल, त्या दिवशी मी स्वतः किल्ली पोराला देईन. ते मुलाला सांगून ठेवलंय.

म्हणून पोरांनो, एवढंच करा. वडील सायकलवरून पडले, तर "वय झालं" म्हणून कुलूप लावू नका. आधी विचारा, पडले का? डोळे तपासा. ब्रेक बघा. सीट बघा. रस्त्याची वेळ बघा. कारण सापडलं तर ते दुरुस्त करा. नाहीच दुरुस्त झालं, तर मग सायकल बंद करा, पण त्यांच्याशी बोलून. वय झालं, हे कारण नाही. ते सगळ्यांचंच होतं.

चला, सात वाजत आले. मला निघायचंय. सावद्याच्या रस्त्यावर भेटलो तर हॉर्न हळू वाजवा.