राजीनामा देणारा मेजर : क्लाउजेवित्झची गोष्ट

कानात हेडफोन, हातात चहा, सगळं जागेवर आहे ना? मग सुरू करू.

आधी एक कबुली. गेल्या वर्षी तीन आठवडे माझ्या ड्राफ्ट्समध्ये एक ईमेल पडून होता. विषय : राजीनामा. आमच्या ॲपमध्ये युजरची नको तितकी माहिती गोळा करायची होती, आणि परवानगीचं बटण असं ठेवायचं होतं की कुणाच्या लक्षातच येऊ नये. कोड मी लिहायचा होता. रोज रात्री ड्राफ्ट उघडायचो, ईएमआय आठवायचा, बंद करायचो. त्याच दिवसांत मी कार्ल फॉन क्लाउजेवित्झबद्दल वाचत होतो. नाव ऐकलं असेल. युद्ध हे राजकारणाचंच एक साधन आहे, हा विचार त्याचाच. पण मला अडकवून ठेवलं ते त्याच्या राजीनाम्याने.

जन्म 1780 चा, मॅग्डेबुर्गजवळच्या बुर्ग गावातला. 12व्या वर्षी प्रशियाच्या सैन्यात भरती, आणि 1793 मध्ये माइन्झच्या वेढ्यात पहिली लढाई. आपण त्या वयात सातवी-आठवीत असतो! 1801 मध्ये तो बर्लिनच्या युद्धशाळेत गेला. तिथे त्याला शार्नहोर्स्ट हा गुरू भेटला, आणि पोराचं नशीब पालटलं.

मग आलं 1806. येना आणि आउएरश्टेट इथे नेपोलियनने एका दिवसात प्रशियाचं सैन्य मोडून काढलं. क्लाउजेवित्झ प्रिन्स ऑगस्टचा सहायक होता. पळापळीत दोघंही पकडले गेले आणि फ्रान्समध्ये कैदेत राहिले. परतल्यावर तो शार्नहोर्स्टच्या हाताखाली सैन्याच्या सुधारणांच्या कामाला लागला. 1810 मध्ये मेजर झाला, युद्धशाळेत शिकवू लागला, युवराजाचा शिक्षकही झाला. त्याच वर्षी डिसेंबरात मारी फॉन ब्र्यूलशी लग्न झालं. ती मोठ्या घराण्यातली. त्यामुळे दोघांनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती.

म्हणजे बघा, वय 31, गुरूचा हात पाठीवर, दरबारात वावर, नवा संसार. आपल्या भाषेत 'सेटल्ड'.

आणि फेब्रुवारी 1812 मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने नेपोलियनशी करार केला. रशियावरच्या स्वारीसाठी प्रशियाने सुमारे 20 हजार सैनिक द्यायचे. ज्याने देश तुडवला, त्याच्याच झेंड्याखाली लढायचं!

क्लाउजेवित्झने आधी आपली भूमिका कागदावर मांडली. हा करार का मान्य नाही, आणि प्रशियाकडे प्रतिकाराचे कोणते मार्ग आहेत, हे मुद्देसूद लिहिलं. मग प्रशियाची नोकरी सोडून थेट रशियाच्या सैन्यात गेला. गंमत म्हणजे त्याला रशियन भाषा येत नव्हती! बोरोदिनोच्या लढाईत तो हजर होता, पण भाषेवाचून त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. नवीन कंपनीत पहिल्या दिवशी कोडबेसच कळू नये, तशी गत.

पण वर्षाच्या शेवटी त्याची गरज पडली. नेपोलियनचं सैन्य थंडीत मोडून मागे फिरलं होतं, आणि त्यासोबत जनरल यॉर्कची प्रशियन तुकडीही. रशियाकडून बोलणी करायला, पत्रं घेऊन जायला क्लाउजेवित्झ होता. 30 डिसेंबर 1812 ला टाउरोगेनजवळ यॉर्कने राजाला न विचारता आपली तुकडी तटस्थ केली. पुढच्या काही महिन्यांत प्रशियाच नेपोलियनविरुद्ध उभा राहिला.

म्हणजे आपला हिरो बरोबर ठरला. आता त्याचं स्वागत झालं असेल, बढती मिळाली असेल, नाही का?

तसं काही घडलं नाही. राजाच्या मनातली अढी गेली नाही. 1813 ची मोहीम त्याला रशियन गणवेशातच लढावी लागली. प्रशियाच्या सैन्यात परत घेतलं ते 1814 मध्ये. 1815 मध्ये वॉटर्लूच्या वेळी तो जवळच्या वावरला थीलमनच्या कोअरचा चीफ ऑफ स्टाफ होता. त्या कोअरने जवळपास दुप्पट फ्रेंच सैन्याला अडकवून ठेवलं, पण सगळी चर्चा वॉटर्लूची झाली. 1818 मध्ये बर्लिनच्या युद्धशाळेचा संचालक झाला, मेजर जनरलही झाला. पण अभ्यासक्रमात त्याला हात घालता येत नव्हता, काम फक्त प्रशासनाचं. लंडनला राजदूत म्हणून पाठवायचं घाटत होतं, तेही अविश्वासापोटी बारगळलं.

सोशल मीडियावर राजीनाम्याच्या गोष्टी कशा असतात? नोकरी सोडली, सहा महिन्यांत स्टार्टअप उभा राहिला, आता बघा माझी गाडी. क्लाउजेवित्झची गोष्ट तशी नाही. निर्णय योग्य ठरला, तरी किंमत तो आयुष्यभर मोजत राहिला.

मात्र त्या बाजूला पडलेल्या वर्षांत तो लिहीत राहिला. युद्धात साधी गोष्टही अवघड का होऊन बसते, अर्धवट माहितीवर निर्णय कसे घ्यावे लागतात, हे सगळं त्याने अनुभवातून मांडलं. बोरोदिनोला भाषेवाचून उभा असलेला अधिकारी त्या पानांमागे आहेच. 1830 मध्ये बदली झाली तेव्हा त्याने हस्तलिखितं गठ्ठे बांधून सीलबंद केली. पुन्हा उघडायला वेळ मिळालाच नाही. नोव्हेंबर 1831 मध्ये ब्रेस्लाउला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला, कॉलऱ्याने तो गेला. वय 51. एका टिपणात त्याने लिहून ठेवलं होतं की पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं आपण पूर्ण मानतो.

ते गठ्ठे मारीने उघडले. संपादनासाठी माणसं जमवली, स्वतः प्रस्तावना लिहिली. 1832 मध्ये 'फोम क्रीगे', म्हणजे 'युद्धाविषयी', याचा पहिला खंड बाहेर आला. आज जगभरच्या लष्करी अकादमींमध्ये हे पुस्तक वाचतात. ती नसती तर मी आज काय बोललो असतो?

राहिला माझा ईमेल. राजीनामा मी पाठवला नाही, कारण तेवढी हिंमत झाली नाही. पण हे काम मी का करणार नाही, ते मुद्देसूद लिहून मॅनेजरला पाठवलं. मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, अप्रेझल जेमतेम झालं, आणि ते फीचर दुसऱ्या कुणीतरी बनवलं. जिंकलो असं मी म्हणणार नाही. झोप मात्र लागते.

तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये असा ईमेल आहे का? असेल तर आज रात्री एकदा उघडून वाचा. पाठवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पाठवला की लगेच टाळ्या वाजतील, या भरवशावर राहू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!