व्यायामाचा छंद जडावा म्हणून...

(दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जेवणाच्या आधी व्यायामावर बोलायला उभं करणं, हा आपल्या कार्यकारिणीचा विनोद असावा. बटाटेवड्यांचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मुद्द्याचंच बोलतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा इथला व्हिसा नोकरीवर आणि नोकरी तब्येतीवर. मुलांची शाळा, घरभाडं, पुण्या-नाशकातल्या फ्लॅटचा हप्ता, आईवडिलांची औषधं, सगळं त्याच खुंटीला टांगलेलं! कर्त्या माणसाने चाळिशीतच अंथरूण धरलं तर इथला संसार गुंडाळायची पाळी येते. आणि त्या खुंटीची देखभाल आपण कधी करतो? तर ‘वेळ मिळाला की’!

आता आपला हा भाग बघा. १९९७ साली सुरू झालेली ही वसाहत. कारखाने, गोदामं, कामगारांची निवासस्थानं, शाळा आणि ग्रीन कम्युनिटीसारखी झाडीतली घरं, सगळं इथेच. नावात ‘पार्क’ आहे, पण आपलं चालणं मात्र घर ते लिफ्ट, लिफ्ट ते गाडी एवढंच. बाहेर एवढं ऊन, तरी कित्येकांच्या रक्त-तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व कमी, कारण आपण ते ऊन काचेआडून बघतो!

त्यात आपल्या दक्षिण आशियाई लोकांना वजन फारसं नसतानाही मधुमेह गाठतो. म्हणून काट्यापेक्षा टेप महत्त्वाची. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर कमरेचा घेर ही धोक्याची रेषा मानतात. पँटचा नंबर सांगू नका, टेप पोटावरून फिरवा.

व्यायाम करावा हे सगळ्यांना पटतं. अडतं ते टिकवण्यात. औषध म्हणून सुरू केलेला व्यायाम बरं वाटलं की सुटतो. छंद मात्र सुटत नाही, कारण तिथे आपली वाट बघणारी माणसं असतात. आपल्याकडे हे नवीन नाही. तालीम ही चार जणांनी मिळून करायची गोष्ट होती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये नेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, ठोकळे वापरून म्हातारी माणसंही आसनं करू शकतील अशी सोय केली. म्हणजे ‘माझं शरीर आता वळत नाही’ ही सबबही गेली!

मग सुरुवात कशी करायची? जिथे दहा मिनिटांत पोचता येईल तोच क्लास निवडा. शेख झायेद रोडवरचा झकपक जिम फक्त पहिला आठवडा जवळ वाटतो. एकदम वर्षाची फी भरू नका, आधी एक-दोन तास करून बघा. योग, झुंबा, पोहणं, बॅडमिंटन, जे केल्यावर उद्या परत जावंसं वाटेल ते आपलं. जो शिक्षक पहिल्या दिवशी तुमचं ब्लडप्रेशर, गुडघे, कंबर यांची चौकशी करतो तो चांगला. चाळिशी उलटली असेल, किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गोड काहीतरी ठेवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. तिथे मराठी बाणा नको!

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनच दिवस जा, पण चुकवू नका.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीच. हवा आता बाहेर फिरण्याजोगी होते. २०१७ पासून दरवर्षी साधारण याच दिवसांत दुबई फिटनेस चॅलेंज असतं: ३० दिवस, रोज ३० मिनिटं, आणि ठिकठिकाणी फुकट क्लास. मराठी माणसाला आणखी काय हवं? जूनपासून मात्र घरात किंवा एसी हॉलमध्ये. सुट्टीत गावी गेलात तर सूर्यनमस्कारांना एका सतरंजीएवढी जागा पुरते.

शेवटची विनंती. गाडी नवरा घेऊन जातो आणि घरात राहतात त्या वहिनी, किंवा व्हिजिट व्हिसावर आलेले आजी-आजोबा, यांना कुठलाच क्लास ‘जवळ’ नसतो. तेव्हा आपल्या बिल्डिंगमध्येच, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन, चार जणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र यावं. शेजारच्या दारावरची बेल वाजवा, एवढाच पहिला व्यायाम.

आता वडे खाऊया. एक कमी खाल्लात तर भाषण पोचलं असं समजेन! दिवाळीच्या आरोग्यपूर्ण शुभेच्छा.