खोका, फोन आणि जमाखर्च



या टेबलावर मी एक पांढरा खोका ठेवलाय. चपलांच्या खोक्याहून थोडा मोठा. उघडून दाखवते. आत दोन इवलीशी टेडी अस्वलं आहेत, अगदी एकसारखी. एक बाळाबरोबर जातं, दुसरं आईबापांकडे राहतं. ही विणलेली दुलई, माझ्या दोन तळहातांएवढी. हे पावलांचे ठसे घ्यायचं कार्ड. आणि हे छोटं पाकीट, जावळाच्या एका बटेसाठी.

ज्यांचं बाळ पोटातच गेलं किंवा जन्मून काही तासांत, दिवसांत गेलं, अशा आईबापांना ब्रिटनमधल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत असा खोका देतात. तो बहुधा एखाद्या चॅरिटीकडून आलेला असतो. अशाच एका लहान संस्थेची मी नऊ वर्षं विश्वस्त होते. त्यातली सहा वर्षं खजिनदार.

मी तिथे का गेले, ते एकदाच सांगते. १९९६चा नोव्हेंबर, लेस्टर. आमची मुलगी ३४व्या आठवड्यात पोटातच गेली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. असं होईल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "मोगऱ्याची फुलं बांध गं छातीला, दूध ओसरेल." नोव्हेंबरात लेस्टरला मोगरा कुठला? दोघी नुसत्या फोन धरून रडत बसलो. बाकीचे सगळे म्हणाले, वय आहे अजून, दुसरं होईल. झालंही. पण "मुलं किती?" असं कुणी विचारलं की आजही उत्तर द्यायला मला क्षणभर वेळ लागतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, हिशेबाचं काम येतं म्हणून त्या संस्थेने मला बोलावलं. मी दुःख घेऊन गेले आणि पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे ताळेबंद ठेवला गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये या संस्थांवर चॅरिटी कमिशनची देखरेख असते. विश्वस्ताला सहसा मानधन नसतं, पदरचा खर्च तेवढा परत मिळतो. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि तो चुकला तर जबाबदारीही सगळ्यांची. कुणाला वाटेल, एवढ्या हळव्या कामात हे रुक्ष कागद कशाला? मला नेमकं उलट वाटतं. रात्री दोन वाजता एखादी बाई फोन लावते तेव्हा पलीकडे कुणीतरी तो उचलायला हवा. पुढच्या वर्षीही उचलायला हवा. त्याची सोय मार्चमध्ये अंदाजपत्रकातच करावी लागते.

म्हणून माझं मत थोडं कठोर आहे. ज्यांना आपली गोष्ट सांगायची आहे त्यांनी आधारगटात यावं, हवं तितक्या वेळा सांगावी, आम्ही ऐकू. विश्वस्ताची खुर्ची त्यासाठी नाही. त्या खुर्चीत आपल्या बाळाचं दुःख आत ठेवून दुसऱ्याच्या बाळासाठी विचार करावा लागतो. सगळ्यांना ते जमत नाही, आणि जमत नसेल तर त्यात कमीपणाही नाही. मलाही पहिल्या वर्षी दोनदा बैठकीतून उठून बाहेर जावं लागलं.

एक प्रसंग सांगते. एका जोडप्याने बाळाच्या आठवणीत मॅरेथॉन पळून पैसे जमवले, थंड पाळण्यासाठी. हा पाळणा म्हणजे साध्या पाळण्यात घालायची एक गादी. तिच्यातून गार पाणी फिरत राहतं. त्यामुळे गेलेलं बाळ काही तास, कधी दोन-तीन दिवस, आईच्या खोलीत राहू शकतं. आजी येते, भावंडं येतात, बाळाला मांडीवर घेतात. तर या जोडप्याचे पैसे आले आणि त्याच महिन्यात त्या रुग्णालयाला दुसऱ्या कुणीतरी तसाच पाळणा दिला. आमच्याकडे फोनसेवेला पैसे कमी पडत होते. बैठकीत कुणीतरी म्हणालं, इकडे वळवू या, काम तर एकच आहे. मनाने मलाही ते पटत होतं. पण विशिष्ट हेतूसाठी दिलेला पैसा त्याच हेतूचा राहतो. ते कायद्याने बांधलेलं आहे, आणि मला विचाराल तर मायेनेही. त्या पैशावर एका बाळाचं नाव होतं. आम्ही त्या दोघांना पत्र लिहून सगळं जसंच्या तसं कळवलं. आठ दिवसांनी वडील स्वतः आले. त्यांनी एकच विचारलं, "फोन उचलणाऱ्यांना रडू आलं तर त्यांनी कुणाला फोन करायचा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खोक्यांसाठी पैसे पटकन मिळतात, खोका डोळ्यांना दिसतो. फोनवर तास-तास ऐकणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा समुपदेशकापुढे बसवायचं, तर त्यासाठी कुणी पळत नाही. आणि तीच खचली तर खोके असून काय उपयोग? त्या वडिलांच्या लेखी संमतीने तो पैसा त्या कामाला लागला.

ब्रिटनमधली ही सगळी चळवळ आईबापांनीच उभी केली आहे. बेल मूनी या लेखिकेचं बाळ १९७५मध्ये मृत जन्मलं. त्यावर तिने 'गार्डियन'मध्ये लिहिलं तेव्हा तशाच आयांची पत्रं येऊ लागली. १९७८मध्ये अशा आईबापांसाठी 'सँड्स' ही संस्था सुरू झाली. त्याआधी बाळ लगेच उचलून नेत, आईला दाखवतही नसत आणि अनेकदा सामायिक कबरीत पुरत. कुठे, तेही तिला सांगत नसत. आपल्याकडेही दात येण्याआधी गेलेल्या मुलाला पुरतात आणि बाई बाजेवर असते तेव्हा पुरुष मंडळी ते उरकून येतात. जागा कुठली ते तिला कित्येकदा कळतही नाही.

जगात दरवर्षी २८ आठवड्यांनंतर साधारण १९ लाख बाळं मृत जन्मतात. त्यातली पुष्कळ आपल्या देशात. आपल्याकडचा मातृत्व लाभाचा कायदा गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देतो आणि त्यातल्या 'मूल' या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही येतं. किती बायकांना हे माहीत आहे? असं काम इथेही उभं राहायला हवं, म्हणून या सभागृहात जे कुठल्या ना कुठल्या ट्रस्टवर आहेत, ज्यांना ऑडिट आणि चेंज रिपोर्ट (ट्रस्टमधल्या बदलांची नोंद) ही कामं पाठ आहेत, त्यांच्याशी मला व्याख्यानानंतर बोलायचं आहे. मी खालीच थांबणार आहे.

थांबण्याआधी एक आठवण. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी आम्हाला फोन केला. त्यांचा मुलगा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मृत जन्मला होता. नवरा नुकताच वारला होता, तो असेपर्यंत त्यांनी हा विषयच काढला नव्हता. आमच्या कार्यकर्तीने दफनभूमीच्या नोंदवह्या शोधून काढल्या. आईच्या आडनावापुढे एक प्लॉट क्रमांक सापडला. गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी त्यांना घेऊन गेले. नुसतं गवत होतं, दगड नव्हता. बाई खाली वाकल्या, गवतावर हात टेकला आणि मुलाचं नाव घेऊन त्याला हाक मारली. परतताना गाडीत त्यांनी ते नाव मला कागदावर लिहून दिलं, स्पेलिंग चुकू नये म्हणून.