आधी कोणते रक्त?



कारभारात वावरणाऱ्या माणसाला क्रमाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. काम तेच असते, माणसेही तीच असतात. परंतु कोणती गोष्ट आधी व कोणती मागाहून, एवढ्यावरच पुष्कळदा त्याचा निकाल ठरतो. आमच्या कचेऱ्यांत क्रम चुकला तर फार तर कागद अडून राहतो. यकृतारोपणाच्या शस्त्रक्रियेत मात्र या प्रश्नाशी माणसाचे प्राण बांधलेले असतात.

यकृताला रक्त येण्याची दारे दोन. एक प्रवेशिका नीला. आतडी व प्लीहा यांतून फिरून आलेले काळसर रक्त ती आणते. यकृतात येणाऱ्या एकंदर रक्ताचा सुमारे पाऊण हिस्सा तिचा. दुसरी यकृत-रोहिणी. ती बारीक, तिचा वाटा पाव; परंतु तिचे रक्त ताजे असल्यामुळे यकृताला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ निम्मा तीच पुरविते. शिवाय पित्तनलिकांचे पोषण मुख्यतः तिच्यावरच चालते.

दात्याच्या देहातून काढलेले यकृत थंडगार द्रवात, सुमारे चार अंश उष्णतामानात, राखून ठेवतात. रोग्याच्या पोटात ते ठेवले की ते कोमट होऊ लागते, आणि रक्तावाचून कोमट झालेले यकृत झपाट्याने बिघडते. रोग्याचे जुने यकृत तर आधीच काढलेले! म्हणून प्रथम रक्त बाहेर जाण्याची वाट जोडतात. मग रुंद असलेली प्रवेशिका नीला चटकन शिवून तिचे रक्त सोडतात. काही मिलिमीटर रुंदीची रोहिणी सावकाश, मागाहून जोडतात. सर्वत्र रूढ असलेला क्रम हाच.

परंतु या त्वरेचेही मोल द्यावे लागते. चिमटा सुटताच यकृतात साचलेले थंड, आम्लयुक्त रक्त थेट हृदयाकडे धाव घेते. राखणीच्या द्रवात पुष्कळदा पोटॅशियम भरपूर असते. ते एकदम हृदयात शिरले तर ठोके मंदावतात, क्वचित थांबतातही. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब तीस टक्क्यांहून अधिक उतरून निदान मिनिटभर तसाच राहिला, तर डॉक्टर त्याला स्वतंत्र नावाने ओळखतात. म्हणून यकृत आधी धुऊन घेतात, आणि भूल देणारे डॉक्टर कॅल्शियम व ॲड्रेनलिन हाताशी ठेवून उभे राहतात. इकडे रोहिणी जोडली जाईपर्यंत पित्तनलिका उपाशीच. ती उपासमार लांबली, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या आकसण्याचा धोका राहतो.

मग रोहिणीच आधी का सोडू नये? तसे करणारे शस्त्रवैद्य आहेत. तिच्या लहान धारेमुळे हृदयाला धक्का कमी बसेल व पित्तनलिकांना लवकर पोषण मिळेल, असा त्यांचा हिशेब. कोणी दोन्ही दारे एकदम उघडतात. पण दोन्ही रीतींत बारीक शिवण पुरी होईपर्यंत यकृत कोमट होत राहते. तिसरी वाट उलटी आहे: अधोमहानीलेतील रक्त मागच्या बाजूने, कमी दाबाने यकृतात सोडून आतला द्रव धुऊन काढावयाचा.

या रीतींची तुलना करणारे प्रयोग झाले आहेत. परंतु एकीनेच बाजी मारली, असा निर्णायक कौल त्यांतून मिळालेला नाही. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर येथे पहिले यकृतारोपण केले, तेव्हा तो बालरोगी शस्त्रक्रियेतच दगावला. पहिले यश येण्यास १९६७ साल उजाडावे लागले. आपल्या देशात ते १९९८ साली आले. इतक्या वर्षांनंतरही हा एक प्रश्न खुला आहे.

यात शास्त्राला कमीपणा आहे, असे मला वाटत नाही. हृदय या क्षणी संकटात असते, पित्तनलिकांचे संकट पुढे उभे राहते, आणि यकृताला तर वेळच नसतो. तिघांचेही मागणे रास्त आहे आणि तिघांनाही एकदम न्याय देता येत नाही. तेव्हा रोग्याचे हृदय कितपत खंबीर आहे, यकृत किती वेळ थंडीत राहिले आहे, रोहिणी कशी आहे, हे पाहून शस्त्रवैद्याला निवड करावी लागते. नियम त्याच्या हाताशी असतो. निर्णय मात्र समोरच्या माणसाकडे पाहूनच घ्यावा लागतो.